शेजारची सीट

या, असे जवळ सरकून बसा. कीर्तनाहून परतताना ऐकलेली गोष्ट तुम्हालाही ऐकवतो.

सातवा महिना लागलेली बायको दाराआड उभी होती. ऑफिसच्या कामाला चाललोय म्हणणारा नवरा आत फोनवर कुजबुजत होता, "प्रवास लांबचा आहे, बिझनेस क्लासच घेऊ. एका कंपनीच्या विमानात सीट पलंगासारखी आडवी होते, पण मध्ये भिंत आहे. दुसरीत आडवं होता येत नाही, पण मी शेजारी बसून तुमचा हात धरेन. कोणती घेऊ? हिला पत्ताही लागणार नाही."

बायकोच्या पायाखालची जमीन सरकली. रिक्षावाल्याशीही घासाघीस करणारा हा माणूस, आणि बिझनेस क्लास! अहो-जाहो करतोय, म्हणजे ऑफिसातली साहेबीणच असणार.

तिने दार ढकललं आणि फोन हिसकावून कानाला लावला.

"शेजारचीच घ्या, जावईबापू," पलीकडून आईचा थकलेला आवाज आला, "पाठ काय, सोसेन मी. पण ऑपरेशनचं तिला बाळंतपणाआधी कळू देऊ नका."

आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा या माउलीचीही आठवण ठेवा.