मण्याची तांबडी साल

घरात या पोराचा आवाज आढ्याला लागायचा, आणि साहेबांपुढे त्याचं मांजर व्हायचं. म्हातारीला हे कधीपासून खुपत होतं. तिचा जन्म कौलांच्या भट्टीवर गेला होता. कच्चा माल ती लांबूनच ओळखायची.

आज त्याने आईला प्रयोगशाळेत आणलं, आपला थाट दाखवायला. बाराशे अंशांची उभी नळीसारखी भट्टी, आत तारेला टांगलेला वाटाण्याएवढा वितळलेला खडक. हा आपला चिमूटभर शिलारस, तो सांगू लागला. यात युरोपियम नावाचा दुर्मिळ धातू आहे. प्राणवायू भरपूर मिळाला की त्याचं एक रूप. कमी पडला की दुसरं, मग हा धातू कॅल्शियमची जागा बळकावून स्फटिकात बसतो. म्हणून आत वायू मोजून सोडायचा.

यात नवं ते काय, म्हातारी म्हणाली. धुरात कोंडलं की कौल काळं, हवा दिली की तांबडं.

लेकाचं नाक कापल्यासारखं झालं. आई थक्क व्हायलाच हवी होती. त्याने भट्टीचं खालचं बूच काढून आरसा धरला. त्याच प्रयोगशाळेत तात्पुरत्या नोकरीवर असलेली सून तीन दिवस ती भट्टी राखत होती. थेंब पाण्यात पडेपर्यंत उघडू नका, असं ती म्हणाली. तू मला शिकवू नकोस, म्हणत त्याने आईला तो धगधगता थेंब मनसोक्त दाखवला.

तासाभराने मोठे साहेब आले. थेंब पाण्यात पडून त्याचा मणी झाला होता. हवा न लागलेला मणी हिरवा हवा होता, निघाला तांबूस. सुनेला नोकरीत कायम करायचा कागद त्यांच्या हातातच होता. चूक कुणाची, त्यांनी विचारलं.

"वायूकडे हिचं लक्ष होतं, साहेब," पोरगा जमिनीकडे बघत म्हणाला.

साहेबांनी कागदाची घडी घातली.

म्हातारीने कुणाला न विचारता मणी उचलला, खलात टाकला आणि बत्त्याचा एक घाव घातला. आतून हिरवागार. तांबडी होती ती वरची साल, कांद्याच्या पापुद्र्याएवढी. तीन दिवसांची राखण चोख होती. हवा शिरली ती शेवटच्या घटकेला. तिने दोन्ही तुकडे साहेबांच्या तळहातावर ठेवले आणि लेकाकडे वळली.

"बूच मला दाखवायला तू काढलंस. त्या धातूला रूप बदलायला बाराशे अंशांची आग लागते, बाळा. तुला साहेबांच्या बुटांचा आवाज पुरला."