येते म्हणा

विमानाच्या दारातलं यंत्र प्रत्येकाला घरी फोन लावायला लावायचं आणि निरोप ऐकायचं. 'येतो' म्हटलं की हिरवा दिवा. 'जातो' म्हणणाऱ्याचा परतायचा विचार नाही, म्हणून लाल.

दाढीवाला दिलावर परकार आईला म्हणाला, "येतो गं." हिरवा.

"याला पुन्हा तपासा," मागच्या कुमुदिनीबाई म्हणाल्या. संध्याकाळी नातीचं बारसं होतं, तरी संशय घ्यायला बाईंना वेळच वेळ. मग त्या नवऱ्यावर खेकसल्या, "ठेवा फोन, जाते मी."

लाल.

"एकच संधी उरली आहे," यंत्र म्हणालं.

"मावशी, येते म्हणा," दिलावर हळूच म्हणाला.

"तू मला मराठी शिकवणार? जाते म्हणजे जातेच."

विमान उडालं. बाई आणि त्यांचं शुद्ध मराठी तेवढं खाली राहिलं.