दुपारची नाडी

मनुबाईंची नाडी अगदी नीट चालली होती. कल्पिताने मनगट सोडलं, पुन्हा धरलं. कुठेच अडखळणं नाही.

"काय झालाय मला?" मनुबाईंनी विचारलं.

"तेच कळत नाही, मावशी."

याच कोड्यापायी ती आगरदांड्याहून बोटीने खाडी ओलांडून दिघीजवळच्या या गावात आली होती. मुंबईच्या एका संशोधन केंद्रात ती आकडेवारी तपासायची. हृदयविकाराची चाहूल आधीच लागू शकते का, हे शोधायला केंद्राने किनाऱ्यावरच्या पन्नाशीपुढच्या बायकांना मनगटी घड्याळं दिली होती. घड्याळ नाडी आणि हालचाल टिपायचं आणि मोबाइलवरून केंद्राला कळवायचं. बाकी बायकांचं ठीक होतं. मनुबाईंचंच विचित्र. शेतात वाकून काम करताना, डोक्यावर भारा असताना ठोके तालात. दुपारी स्वस्थ पडलं की सगळा ताल बिघडलेला. घड्याळ बदलून दिलं, तरी तेच.

"यंत्राचा घोळ आहे. वगळून टाक त्यांना," साहेब म्हणाले होते. कल्पिताचा हात धजला नाही. यंत्र रोज दुपारीच कसं चुकेल?

"ती यंत्रं न् ते डॉक्टर, सगळी थेरं!" परसात माडांना पाणी घालणारे सदूभाऊ, मनुबाईंचे यजमान, तिथूनच ओरडले.

"दुपारपर्यंत थांबू का?" कल्पिताने विचारलं.

"थांब, बाय. जेवूनच जा."

जेवणं झाली. कल्पिता पडवीत मोबाइल उघडून बसली. काही वेळाने पडद्यावरची मनुबाईंच्या नाडीची रेघ वेड्यावाकड्या उड्या मारू लागली. ती दचकून उठली. मनुबाई तर समोर बसून शांतपणे भांडी घासत होत्या.

"मावशी, तुम्हाला काही होतंय?"

"न्हाय."

तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं, पुन्हा मनुबाईंकडे. मग तिचं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. मनगट रिकामं होतं.

"घड्याळ कुठंय?"

मनुबाईंनी पदराला हात पुसले, ओठांवर बोट ठेवलं आणि तिला माजघरात नेलं. चटईवर सदूभाऊ घोरत पडले होते. घड्याळ त्यांच्या मनगटावर होतं.

कल्पिताने त्यांची नाडी धरली. एक ठोका, मग दोन घाईघाईने, मग नुसतीच पोकळी. तिने तिथूनच केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला.

सदूभाऊ आधी चिडले, मग हसण्यावारी नेऊ लागले. पण त्यांच्याच हृदयाची ती रेघ कल्पिताने त्यांच्यापुढे धरली, तेव्हा मुकाट्याने रिक्षात बसले. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ईसीजी काढून पाहिला. "गोळ्यांनी आवरेल. असेच राहिले असते तर एखादी गुठळी मेंदूत गेली असती."

बाहेरच्या बाकावर कल्पिताचा धीर सुटला. "मावशी, एक फोन तरी करायचा! साहेब तुमची सगळी माहिती पुसून टाकायला सांगत होते. का नाही सांगितलंत?"

"ते झोपले की छाती धडधडताना मला दिसायची, पन सांगून काय झाला असता? तुमी त्यांना इचारला असता, न् ते न्हायच म्हनले असते." मनुबाईंनी दाराकडे पाहिलं. "म्हनून ते झोपले की त्यांचा काळीज तुमच्याकडं धाडत व्हते. म्हटला, बगून कोनतरी घाबरून येलच."