घोट्याची पकड

"घोटा धर आणि पाय हळूहळू मागे वाकव," फिजिओ मॅडम म्हणाल्या. "सोसेनासं झालं की तेजल 'बस' म्हणेल. तेव्हा सोड."

हर्षदाचा हात पुढे गेला आणि मध्येच थबकला. याच पकडीसाठी तर कबड्डीच्या संघात तिचं नाव होतं. त्या दिवशी सरावात तेजल चढाईला आली, हर्षदानं तिचा घोटा धरला, आणि तेजल तशीच मध्यरेषेकडे झेपावली. तिचा गुडघा फिरला. खट् असा आवाज हर्षदानं ऐकलाही होता. पण तेजलच्या तोंडचं 'कबड्डी, कबड्डी' थांबलं नव्हतं, आणि समोरचीचा दम तुटेपर्यंत पकड सोडायची नाही, हे हर्षदाच्या अंगात मुरलेलं.

लिगामेंट पार तुटलं होतं. डॉक्टरांनी मांडीतला स्नायुबंध काढून त्याचं नवं लिगामेंट गुडघ्यात बसवलं, पण महिना उलटला तरी गुडघा वाकायचं नाव घेत नव्हता.

"धर ना गं," पालथी झोपलेली तेजल म्हणाली. "तुझ्याइतकं घट्ट कोण धरणार?"

हर्षदानं घोटा धरला. पाय थोडा वाकला, आणखी थोडा वाकला. तेजल घामानं भिजली, तिची बोटं उशीत रुतली, पण ती 'बस' म्हणेना. उशीत तोंड खुपसून काहीतरी पुटपुटत राहिली. हर्षदानं वाकून कान दिला आणि पाय हळूच खाली टेकवला.

"मॅडम, तुम्ही धरा," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "ही 'बस' म्हणायची नाही हो. ही कबड्डी म्हणतेय."