येते मी

पडद्यावरची बाई म्हणाली, "मी फार प्रभावित झालो आहे," आणि ऑफिसात जमलेल्या सगळ्यांनी हसू दाबायला माना खाली घातल्या. भाषांतर करणाऱ्या यंत्राला बाई आणि बुवा यांतला फरक कळत नव्हता. चेहरा साठीच्या, पांढऱ्या केसांच्या बाईचा आणि आवाज एखाद्या भारदस्त पुढाऱ्याचा.

आत्या हसली नाही. शाळा तपासायला साहेब यावेत आणि आपण पहिल्या बाकावर असावं, तशी ती बसली होती. तिच्या कारखान्यात दवाखान्यातल्या खाटांच्या स्प्रिंगा बनत. पडद्यावरच्या बाईचा दूर देशी खाटांचा धंदा होता, आणि तिला कुठल्या तरी एका शहरातल्या स्प्रिंगांच्या कारखान्यात पैसे गुंतवायचे होते. ती नाही म्हणाली तर महिनाअखेर या शेडला कुलूप लागणार होतं. हे शेजारी उभ्या असलेल्या फोरमनला माहीत होतं, दारात दाटी केलेल्या कामगारांना माहीत होतं, आणि लॅपटॉपपाशी बसलेल्या भाचीला तर फारच. शहराच्या वेबसाइटवर कारखान्याची जागा, वीज, पाणी, परवाने, सगळं तिनेच चढवलं होतं. ते बघूनच बाई इथवर पोचली होती.

"म्हणी नकोत हं आत्या, सरळ बोल," असं भाचीने आधी बजावलं होतं. तरी बाईने स्प्रिंगांच्या दर्जाचा पुरावा विचारला, तेव्हा आत्याच्या तोंडून निघून गेलंच, "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" त्यावर बाईने गंभीरपणे विचारलं होतं, "आपण बांगड्याही बनवता?"

पण ती गंमत मघाची. आता बाईने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी स्पष्ट बोलतो," यंत्राने सांगितलं. "दुसऱ्या एका शहरात कारखान्यातली सगळी यंत्रे इंटरनेटला जोडलेली आहेत. प्रत्येक यंत्राची गती मी माझ्या खुर्चीतून पाहतो. तुमच्याकडे कोणाला तरी फोन हातात धरून मला फिरवावे लागले. स्प्रिंगा तुमच्या उत्तम आहेत. पण निर्णय बहुधा तिकडे जाईल. क्षमस्व."

"एवढं बाकी नीट सांगितलं मेल्यानं," फोरमन पुटपुटला.

दारातले दोघे-तिघे मागच्या मागे सरकले. भाचीने मान वर केली नाही.

आत्या म्हणाली, "तुम्ही एकेका यंत्रापाशी थांबलात. आमच्या प्रत्येक माणसाला काम विचारलंत. इतक्या आस्थेनं कोण बघतं हो? बरं वाटलं जिवाला." आणि कुणाच्याही घरून निघताना उठावं तशी ती उठली. "बरं, येते मी."

यंत्राने ते तिकडे पोचवलं. बाईने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"तुम्ही येता? कधी?"

कुणालाच काही उमगेना. भाचीने पडद्याखालची ओळ वाचली आणि कपाळाला हात लावला. "आत्या, त्यानं तुझ्या 'येते'चं खरोखरच 'येते' केलं!"

"मग काय 'जाते' म्हणायला हवं होतं?" फोरमन म्हणाला. "निघताना 'जाते' कोण म्हणतं?"

बाई बोलायला लागली होती. आवाज तोच, पुढाऱ्याचा; पण त्यामागचा चेहरा आता निराळा दिसत होता. "कित्येक वर्षे मी पडद्यावर शहरे पाहतो आहे. रस्ते, गोदामे, विजेची बिले. सगळे म्हणतात, पाहा, आमच्याकडे पाहा. मी येते, असे मला कोणी म्हणाले नाही."

"चूक झाली म्हणून सांगते मी त्यांना." भाचीचा हात कळफलकाकडे गेला. आत्याने तिचं मनगट धरलं.

"कसली चूक? 'येते' म्हटलं आणि मी गेले नाही, असं कधी झालंय?"

"अगं, तुझ्याकडे साधा पासपोर्ट नाही!"

"काढ की मग. हल्ली सगळं घरबसल्या होतं, तूच सांगत असतेस ना उठल्यासुटल्या?"

पडद्यावरची बाई त्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती. त्यांच्या कुजबुजीतलं यंत्राने तिला किती सांगितलं, कोण जाणे.

"तिकडचा करार मी थांबवतो," ती म्हणाली. "आधी तुम्ही या. येताना स्प्रिंगा आणा. आपण एक खाट जोडू, तिच्यावर बसू आणि मग पैशांचे बोलू."

फोरमनने दाराकडे बघून नुसती मान डोलावली. मागे सरकलेले पुन्हा पुढे आले. कुणी तरी कुणाच्या तरी पाठीत दणका घातला.

"माझे घर लहान आहे," बाई सांगत होती. "वरची खोली देतो. जिना उभा आहे, आणि खोलीत थंडी वाजते. तुम्हाला जमेल का?"

"चालेल," आत्या म्हणाली.

यंत्राने क्षणभर विचार केला. बाई दोन्ही हात वर करून ओरडली, "नाही, नाही! चालत नको! फार दूर आहे! मी तिकीट पाठवतो!"

फोरमन खुर्चीत कोसळला. दारातल्यांनी एकमेकांच्या खांद्यांवर डोकी टेकली. काय झालं ते न कळता बाईही हसायला लागली, तेही खळखळून.

त्या गदारोळात आत्या डोळे पुसत भाचीच्या कानाशी वाकली.

"तिला सांगू नकोस गं," ती म्हणाली, "पण मी चालतसुद्धा गेले असते."