शिकवणाऱ्यांचं पत्र

एम.ए.च्या अर्जाची आज शेवटची तारीख होती आणि निवृत्त कंपाउंडर आजोबांचं घोडं शिफारसपत्रापाशी अडलं होतं.

"तुम्हाला शिकवणाऱ्यांचंच पत्र लागतं, आजोबा," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"अहो, मी सत्तरीचा! माझे मास्तर केव्हाच वर गेले. सही आणायला तिकडे जाऊ?"

बाईंना हसू फुटलं. "बरं, हल्ली कुणी काही शिकवलंय का?"

"शिकवलंय की! कॉम्प्युटर!" आजोबा शिफारशीचा कोरा फॉर्म घेऊन तरातरा घरी गेले आणि तासाभरात भरून घेऊन आले.

'अर्जदाराचे गुण: दहादा सांगावं लागतं, पण चिडत नाहीत.' बाईंनी वाचता वाचताच शिक्का उचलला. खाली शेवटचा प्रश्न होता, 'अर्जदाराला कधीपासून ओळखता?'



'मी जन्मले तेव्हापासून.'