पंखा कुणी बंद केला?

व्हायरस खरा नव्हताच, तिने कॉम्प्युटरवर मांडलेलं नुसतं गणित होतं. पडद्यावर ऑफिसचा नकाशा आणि त्यात एकेका कॉम्प्युटरचा एक पांढरा ठिपका. लागण झाली की तो लाल व्हायचा. कुणाकडून कुणाकडे पसरतं, एवढंच तिला बघायचं होतं.

पहिला ठिपका कॅशियरकाकांचा. तो लाल झाला आणि काकांनी मान वर केली.

"पंखा कुणी बंद केला रे?"

पंखा तर भरभर फिरत होता. सगळे हसले.

मग डिस्पॅचच्या बाईंचा ठिपका लाल झाला.

"अगं बाई, पंखा कुणी बंद केला?"

आता कुणी हसलं नाही.

तिने घाईघाईने गणित थांबवलं. ठिपके काही थांबेनात. टेबलामागून टेबल तोच प्रश्न तिच्याकडे सरकत आला. शेजारची मैत्रीणही फाइलने वारा घेत तेच पुटपुटली.

स्वतःचा कॉम्प्युटर तिने गणितात धरलाच नव्हता, तेवढाच काय तो धीर.

तेवढ्यात नकाशात, खिडकीपाशी, तिच्या टेबलाच्या जागी एक ठिपका उमटला. पांढरा. मग गुलाबीसर.

तिने ओठ दाताखाली घट्ट धरला आणि वर पाहिलं. पंखा फिरत होता. समोरचे कागद फडफडत होते.

तिला वारा लागत नव्हता.